आत्याबाईच्या काकडीचं बी

रुख्माबाईनं आयुष्यात एकच गोष्ट न तपासता घेतली, ती म्हणजे नवरा. तीही कशी, तर लग्नात तिला कोणी विचारलंच नव्हतं. नाहीतर पुंडलिकरावांना बैलासारखा जबडा उघडायला लावून तिनं दात पाहिले असते. बाकी मीठ असो, मडकं असो, शेजारच्या प्रमिलाबाईनं दिलेलं विरजण असो, आधी नाकाशी, मग बोटावर, मग जिभेवर. आणि एवढं होऊन वस्तू चांगली निघाली, तर तिचा संशय कमी व्हायचा नाही, उलट वाढायचा. चांगली वस्तू कोणी उगाच कशाला देईल, हा तिचा सवाल, आणि त्याला उत्तर द्यायची गावात कोणाची टाप नव्हती.

केळझरच्या गणपतीच्या टेकडीवर उभं राहिलं की खाली कौलारू घरांची दोन-तीन गावं दिसतात, त्यातलं एक तिचं. गावाबाहेर विहीर, विहिरीवर मोट, आणि मोटेच्या पाण्यावर तिची भाजीची वाडी. कापूस-ज्वारीचं शेत पुंडलिकरावांचं, पण वाडी रुख्माबाईची. वाडीत काय लावायचं, कुठं लावायचं, कुठल्या आळ्याला किती पाणी सोडायचं, यात नवऱ्यानं तोंड घालायचं नाही, असा कायदा होता. पुंडलिकरावांनी तो पाळला. त्या माणसानं संसारात बरेच कायदे मुकाट पाळले.

शिवरात्र झाली की रुख्माबाई विहिरीच्या काठावर जाऊन आत डोकवायची. आधी पाणी बघायचं, मग बी निवडायचं, हा तिचा नेम. आपल्या मुलखाचा उन्हाळा म्हणजे काय खेळ आहे? चैत्र लागला की जमीन तडकते, वारा भट्टीच्या तोंडातून आल्यासारखा अंगावर येतो, आणि विहीर रोज थोडी थोडी खाली सरकते. तेव्हा फाल्गुनात हौसेनं लावलेली भाजी वैशाखात तोंड सुकवून आपल्याकडे बघत बसते. रुख्माबाई म्हणायची, दुधी अन् काकडी या लाडावलेल्या पोरी, त्यांले दोन्ही वेळा पाणी पाह्यजे. ढेमसं मधलं, सांगतलेलं ऐकते. गवार अन् चवळी गरीब बिचाऱ्या, चूळभर पाण्यावर दिवस काढतात. पाणी बघून ती ठरवायची यंदा घरात कोणत्या पोरी पोसायच्या ते.

मग सेलूच्या बाजारात बी घ्यायला जायची. अण्णाजी म्हणून एक बियाणंवाला होता, तो तिला लांबून पाहिलं की कपाळाला हात लावायचा. ती ढेमशाचं बी तळहातावर घ्यायची, फुंकायची, नखानं टोचायची, दातांत धरून फोडायची, आणि थुंकून म्हणायची, "हे गेल्या सालचं हाय."

"बाई, बी घ्याले आल्या का सून पसंत कराले आल्या?" अण्णाजी विचारायचा.

"सुनेले परत पाठवता येते. बी मातीत गेल्यावर येते का परत?"

तिचं खोटं नव्हतं. तिच्या दाताखालून गेलेलं बी सहसा दगा द्यायचं नाही, हे गावातल्या बायकांनाही ठाऊक होतं. पण कुठं थांबावं हे काही तिला कळायचं नाही. मागच्या वर्षी ग्रामसेवक भेंडीचं नवं बी वाटत आला, औषध लावलेलं, लालसर. रुख्माबाईनं ते हातातसुद्धा धरलं नाही. ज्याले रंग फासावा लागते त्याच्यात खोट असते, म्हणाली. प्रमिलाबाईनं तेच बी लावलं आणि तिच्या भेंड्या उन्हाळाभर पुरल्या. रुख्माबाईला वाटीभर भाजी आली, तर तिला तिच्यात औषधाचा वास आला. दुसऱ्या कोणाला आला नाही.

आता खरी गोष्ट सांगतो, ती काकडीची.

रुख्माबाईच्या सासूला दोन्ही सुना आत्याबाई म्हणत. आत्याबाई आर्वीकडून लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या आईनं त्यांच्या पदराच्या गाठीत एका काकडीचं बी बांधून दिलं होतं. पांढरट हिरवी, हातभर लांब, आणि इतकी गोड की मीठ लावायची गरज नाही. ते बी त्या घरात पिढीभर चाललं. दरवर्षी एक काकडी वेलावर पिवळी होईपर्यंत ठेवायची, तिचं बी धुऊन, वाळवून, राखेत घोळवून सुक्या भोपळ्याच्या तुंब्यात भरायचं, आणि तुंब्याचं तोंड शेणानं लिंपून तो चुलीवरच्या आढ्याला टांगायचा. धुरात बी वर्षभर निरोगी राहतं. आत्याबाई सांगायच्या, "काकडीच्या पोटात पाणीच असते. थे तुम्ही नाई देल्लं तं ती काय भरन पोटात? कडूपणा भरन."

अक्षयतृतीयेला, म्हणजे आमच्याकडच्या अखाजीला, पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेली घागर मांडतात. कोणी घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज ठेवतं, कोणी आंबे. या घरात आत्याबाई आपल्या सासूच्या घागरीवर ही काकडी ठेवायच्या. मरताना त्यांनी दोन्ही सुनांना जवळ बोलावलं आणि एवढंच मागितलं, की माझ्या घागरीवर माझ्या माहेरची काकडी ठेवजा. दागिना मागितला नाही, जेवणावळ मागितली नाही. दोघींनी हो म्हटलं.

दुसरी सून शकुंतला. धाकटी जाऊ. पुंडलिकरावांचा धाकटा भाऊ सदाशिवराव, त्याची बायको. स्वभावानं मऊ, बोलण्यात हळू, आणि नेमकं हेच रुख्माबाईला खुपायचं. जी बाई कधी भांडत नाही तिच्या पोटात काय असतं कोणास ठाऊक. पुढं भावाभावांची वाटणी झाली, भांडी वाटली, बैल वाटले, आणि आत्याबाईच्या काकडीचं बीही निम्मं निम्मं वाटलं गेलं. घर एकच, मध्ये कुडाची भिंत, पण चुली दोन झाल्या. विहीर मात्र एकच राहिली आणि पाण्याच्या पाळीवरून दोघींत एकदा शब्दाला शब्द लागला. म्हणजे रुख्माबाईचे शब्द लागले, शकुंतला ऐकत होती. तेव्हापासून रुख्माबाई तिला पाण्यात पाहायची.

झालं काय, कुडाला वर फट होती. त्या फटीतून पलीकडच्या चुलीशी बसलेल्या शकुंतलेला आपला आढ्याचा तुंबा दिसतो, असं रुख्माबाईच्या मनात आलं. दिसला तर काय झालं? बी काय नजरेनं जळतं? पण मनात आलं ते आलं. तिनं तुंबा उतरवला आणि आतल्या खोलीत उतरंडीच्या मागं, अंधारात दडवला. धूर नाही, वारा नाही. पावसाळ्यात भिंतीला ओल आली, तुंब्याचं लिंपण सुटलं, आणि माघात उघडून पाहते तर आत बुरशीचा गोळा. एक दाणा दातात धरला, तो पिठासारखा फुटला. रुख्माबाई त्या दिवशी जेवली नाही. कोणाला बोलली मात्र नाही. फक्त पुंडलिकरावांना सांगितलं, तेही दरडावून, की हे या घराबाहेर गेलं नाई पाह्यजे.

त्याच सुमाराला शकुंतलेच्या केशवला वर्ध्याच्या कचेरीत कारकुनी लागली. त्यानं वर्ध्याजवळ पिपरीला खोली घेतली आणि आईबापांना घेऊन जायचं ठरवलं. जमीन पुंडलिकरावांकडे बटईनं, म्हणजे निम्म्या पिकाच्या वाट्यानं राहिली. आपला मुलूख मध्यप्रदेशातून काढून मुंबई राज्याला जोडला त्यानंतरचा हा पहिलाच उन्हाळा, आणि नवे पैसे निघणार अशी बोलवा होती. रुख्माबाईला या सगळ्याच गोष्टी संशयास्पद वाटत होत्या, राज्य, पैसा आणि केशवची नोकरी.

निघायच्या दिवशी बैलगाडी दारात उभी होती. शकुंतला ओसरीवर आली आणि तिनं पदराखालून कापडाची पुरचुंडी काढली.

"बाई, हे घ्या. आत्याबाईच्या काकडीचं बी. तुमचं खराब झालं म्हणे."

"कोनं सांगतलं तुले?"

"दादांनी आमच्या घरच्यांले सांगतलं."

रुख्माबाईनं बैल जुंपणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं बैलाच्या आड तोंड केलं.

"तुले ठेवलं का?" तिनं विचारलं.

शकुंतलेनं मान खाली घातली. पायाच्या अंगठ्यानं ओसरीची माती उकरली. "हाय ना," ती म्हणाली. "ठेवलं हाय माह्यापाशी. पन अखाजीले घागर इथंच मांडाची ना. पाणी तेवढं देजा तिले, बाई."

एवढं बोलून ती पाया पडली आणि गाडीत बसली. गाडी नाल्याच्या वळणावरून दिसेनाशी झाली तरी रुख्माबाई पुरचुंडी हातात धरून उभीच. शकुंतला खोटं बोलली होती, हे तिनं तेव्हाच ओळखलं. आयुष्यभर खोटेपणा हुडकणाऱ्या बाईला अंगठ्यानं उकरलेली माती दिसणार नाही होय? दाल में कुछ काला हाय, ती मनाशी म्हणाली. पण काळं नेमकं काय ते शोधण्यात तिनं सगळा फाल्गुन घालवला.

पहिला संशय, बी उकडलेलं असेल. आमच्याकडे अशा गोष्टी बायका एकमेकींच्या नावानं सांगतात, की अमकीनं तमकीला बी दिलं ते उकळत्या पाण्यातून काढून दिलं. खरंखोटं देव जाणे. एरवी रुख्माबाई चिमूटभर बी ओल्या फडक्यात बांधून पाहायची आणि बाकीचं राखून ठेवायची. यावेळी तिला वाटलं, वरवर चांगलं ठेवून आत वाईट मिसळलं असेल तर? चिमूट चांगली निघायची आणि आपण फसायचो. म्हणून तिनं सगळंच्या सगळं बी भिजवलं. एक दाणा मागं ठेवला नाही. फडक्यात बांधून पाण्याच्या माठाशी ठेवलं, आणि उघडून पाहिलं तर सगळ्या बियांना मोड आलेले, पांढरेशुभ्र. दुसरी बाई खूश झाली असती. रुख्माबाईच्या कपाळावर आठी पडली. सगळंच कसं उगवलं? आपल्या हातचं बीही थोडंफार मरतं.

फडकं तिनं विहिरीवरच्या धुण्याच्या दगडावर आपटून धुतलं आणि मोडाचं बी घेऊन वाडीत गेली.

आता उकडलेलं नाही हे ठरलं. मग उरला एकच डाव, बी कडूचं असणार. कुंपणावर एखादा कडू रानवेल असला की माश्या फुलांतला पराग तिकडचा इकडं करतात आणि गोड काकडीच्या पोटी पुढच्या साली विख निघतं. बाहेरून काही कळत नाही. बी चावलं तरी कळत नाही, फळ लागेपर्यंत वाट पाहावी लागते. शकुंतलेनं चांगलं स्वतःला ठेवलं आणि हे आपल्या गळ्यात मारलं, म्हणजे अखाजीला घागरीवर कडू काकडी, आणि सगळे म्हणणार, थोरलीनं आत्याबाईचं बी नासवलं. रुख्माबाईला हे इतकं लख्ख दिसलं की तिला शकुंतलेच्या हुशारीचं जवळजवळ कौतुकच वाटलं.

तरी लावणं भाग होतं. सासूला शब्द दिला होता. पण कुठं लावायचं हे तिच्या हातात होतं. पाटाच्या तोंडाशी, जिथं पाणी आधी पोचतं, तिथं तिनं अण्णाजीकडचं ढेमसं लावलं. मधे चवळी, गवार. आणि पाटाच्या अगदी शेपटाला, जिथं पाणी पोचता पोचता जिरून जातं, तिथं आत्याबाईची काकडी. त्या वर्षी विहिरीत पाणी कमी होतं हे खरंच. पण इतकंही कमी नव्हतं.

पुंडलिकराव मोट हाकायचे आणि रुख्माबाई फावडं घेऊन आळ्याआळ्याला पाणी वळवायची. शेपटाशी चार ओंजळी गेल्या की ती मातीचा ढेकूळ टाकून पाट बंद करायची.

"अवं, काकडीले पाणी नाई पोचून राह्यलं," पुंडलिकराव एकदा म्हणाले.

"पोचते."

"तहानली तं कडू होते, माय म्हणे."

"भावजईचं बी हाय म्हून एवढा पुळका येऊन राह्यला का?"

पुंडलिकरावांनी कासरा हातात घेतला. बैल मागं मागं सरकले, मोट विहिरीत उतरली.

वेल जगले. कसे जगले तेच जाणोत. दुपारी पानं फडक्यासारखी लोंबायची, पहाटे पुन्हा मान वर करायची. अखाजी आठवड्यावर आली तेव्हा बोटाएवढ्या, वाकड्या, अंगावर काटे उभे राहिलेल्या काकड्या लागल्या होत्या. रुख्माबाईनं एक तोडली, देठ कापला, टोकावर टोक घासलं. पांढरा फेस आला. जिभेवर ठेवली मात्र, घशापर्यंत कडू.

आणि तिला आनंद झाला. सांगायला मलाच लाज वाटते, पण झाला. ती तशीच फोड घेऊन प्रमिलाबाईकडे गेली. "चाखून पाह्य. मी म्हटलं नव्हतं? कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच. माणसाचंई तसंच असते." प्रमिलाबाईनं चाखलं, थुंकली आणि म्हणाली, खरं हाय बाई. दुसरं काय म्हणणार? घरी येऊन रुख्माबाईनं सगळे वेल मुळासकट उपटले आणि बकऱ्यांपुढं टाकले. दोन काकड्या तेवढ्या ओल्या कापडात गुंडाळून ठेवल्या. शकुंतला अखाजीला येणार होती. तिच्यासमोर, भावाभावांसमोर, ताटलीत फोडी ठेवायच्या आणि म्हणायचं, खा. पुढचं सगळं भाषण तिनं मनात तयार केलं. शेण लिंपता लिंपता, भाकरी थापता थापता ती ते घोकत राहिली.

अखाजीला सकाळी वर्ध्याच्या मोटारीनं सदाशिवराव आणि शकुंतला आले. शकुंतला दोन-अडीच महिन्यांतच वाळून गेली होती. पिपरीच्या खोलीत वारा नाही, म्हणाली, आणि बोलायला कोणी नाही. आल्या आल्या तिनं कमरेला पदर खोचला आणि घागर घासायला घेतली. घागर मांडून झाली, चिंचेची चिंचोणी झाली, पुरण झालं. मग तिनं हळूच विचारलं, "बाई, काकडी?"

रुख्माबाई याच क्षणाची वाट पाहत होती. तिनं ताटली आणून शकुंतलेपुढं ठेवली. "आधी चाखून पाह्य. तुह्याच बीची हाय."

शकुंतलेनं एक फोड तोंडात टाकली. तिचा चेहरा आक्रसला, डोळ्यांत पाणी आलं. तिनं ती गिळली. मग दुसरी उचलली. मग तिसरी. पुंडलिकराव आणि सदाशिवराव ओसरीवरून बघत राहिले. रुख्माबाई घोकलेलं भाषण विसरली.

"थुक ना," ती म्हणाली. "काऊन खाऊन राह्यली?"

"आत्याबाईची हाय," शकुंतला म्हणाली. "थुकू कशी?"

ताटली रिकामी झाली. शकुंतलेनं पदरानं तोंड पुसलं. "पाणी नाई भेटलं हिले, बाई. राग नका मानू, विहिरीचे हाल मले माईत हाय. पन बी ठेवलं ना थोडं? चार दाणे मले द्या. केशवच्या खोलीमागं मोरीचं पाणी वाह्यते, तिथं लावीन म्हन्ते."

"तुह्यापाशी होतं ना?"

शकुंतलेनं मान खाली घातली. पायाच्या अंगठ्यानं शेणानं सारवलेली जमीन उकरली. नेमकं तसंच.

"नव्हतं," ती म्हणाली. "सगळंच तुम्हाले देल्लं होतं. खोली भाड्याची, माती कोठची तिथं? इथं विहीर हाय, तुमचा हात हाय, म्हटलं इथंच राहीन बी. पन सगळं देते असं म्हटलं असतं, तं तुम्ही म्हटलं असतं, सगळं काऊन देऊन राह्यली? अन् घेतलंच नसतं."

रुख्माबाई खाली बसली. आर्वीच्या त्या बाईनं लेकीच्या पदरात बांधलेलं, आत्याबाईनं पिढीभर धुरात जपलेलं बी तिनं बकऱ्यांपुढं टाकलं होतं, आणि वर गावभर मिरवलं होतं. सासूनं मरताना एकच गोष्ट मागितली होती. तिला शकुंतलेकडे बघवेना, घागरीकडेही बघवेना. "म्या उपटले," ती म्हणाली. "सगळे वेल उपटले. एक दाणा नाई ठेवला."

शकुंतलेनं तोंडावर पदर धरला. तेवढ्यात पुंडलिकराव उठले, पायात वहाणा घातल्या आणि म्हणाले, "चाला माह्यासंगं."

ते सगळ्यांना विहिरीवर घेऊन गेले. धुण्याच्या दगडाच्या मागं, जिथून आंघोळीचं पाणी वाहून जातं, तिथं एक वेल कुंपणाच्या काट्यांवर चढला होता. पानं ताटाएवढी, हिरवीगार. रुख्माबाईनं तो वेल पाहिला नव्हता असं नाही. रानवेल असेल म्हणून तिनं त्याच्याकडे वाकड्या नजरेनं बघितलं होतं आणि हात लावला नव्हता. पुंडलिकरावांनी पानं बाजूला केली. आत एकच काकडी लोंबत होती, पांढरट हिरवी, वीतभर झालेली, सरळ. फडकं धुताना एक मोड निसटला होता तो हा.

"तुम्हाले माईत होतं?" रुख्माबाईनं विचारलं.

"मोड आला तवापासून. आंघोळीचं पाणी इकडंच सोडतो मी."

"मले काऊन नाई सांगतलं?"

पुंडलिकरावांनी कुंपणाचा एक काटा नीट बसवला. मग म्हणाले, "सांगतलं असतं तं उपटला असता."

ते रागानं बोलले नाहीत, म्हणून तिला जास्त लागलं. आयुष्यभर तिला वाटत आलं होतं की माणसं आपल्यापासून काहीतरी लपवतात. लपवतच होती. जावेनं दान लपवलं, नवऱ्यानं वेल लपवला. तिच्यापासून वाचवायचं असेल तर लपवावंच लागतं, हे घरातल्या सगळ्यांना कळलं होतं, फक्त तिला कळलं नव्हतं. रुख्माबाई तिथंच धुण्याच्या दगडावर बसून रडली. तिला रडताना पुंडलिकरावांनी आत्याबाईच्या मरणानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

सदाशिवराव म्हणाले, "वयनी, एक तं एक. तोडा, घागरीवर ठेवू. मायले शब्द हाय."

रुख्माबाईनं डोळे पुसले. "तोडली तं बी कोठून येईन?" ती म्हणाली. "हिले वेलावरच पिकू द्या. यंदा आत्याबाईले मी हात जोडते, पुढच्या साली ठेवीन." तिनं वेलाचं एक पान तेवढं खुडलं, धुतलं आणि शकुंतलेच्या हातात दिलं. "हे ठेव घागरीवर. तूच ठेव."

शकुंतलेनं पान घेतलं, पण ती जाईना. काकडीकडे बघत उभी राहिली. कुंपणापलीकडं रान होतं, रानात कडू वेल होते, माश्या होत्या. दगडामागच्या या एका फळाच्या पोटात काय भरलंय, कोण सांगणार?

रुख्माबाईचा हात आपोआप पुढं गेला. अंगठ्याचं नख काकडीच्या टोकापर्यंत पोचलं. जरासं टोचायचं, जिभेला लावायचं, की झालं. जन्मभर तिनं हेच केलं होतं. पण टोचलेलं फळ उन्हात सडतं, बी धरत नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? नख तिथंच थांबलं. मग तिनं हात मागं घेतला आणि एक मोठं पान ओढून काकडीवर सावली केली.

"गोड असन ना, बाई?" शकुंतलेनं विचारलं.

"असन," रुख्माबाई म्हणाली.